उतारावरची सफारी

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर जरा कल्पना करा. तुम्ही आफ्रिकेत आहात. चारी बाजूंना तुमच्या खांद्याइतकं गवत आहे. गवतात सिंह आहे. तुम्ही एका पांढऱ्या व्हॅनमध्ये बसला आहात आणि व्हॅन चालू होत नाही.

झाली कल्पना करून? आता त्यातला सिंह काढा आणि त्याच्या जागी एक केळीवाला ठेवा. कारण आमची व्हॅन पहिल्यांदा बंद पडली ती नैरोबीच्या विमानतळाबाहेर, आणि तिथे आमच्याकडे टक लावून पाहणारा तो एकटाच होता.

“काही नाही, गरम झाली असेल,” खटावकर म्हणाले. खटावकर आमचे टूर मॅनेजर.

“अजून चालूच झाली नाही, तर गरम कशानं होईल?” धोंगड्यांनी विचारलं.

“उन्हानं.”

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. खटावकरांनीही पाहिलं आणि ते म्हणाले, “इथलं ऊन वेगळं असतं.”

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. मी तेव्हा मिरजेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. व्हॅनमध्ये आम्ही मोजकीच माणसं होतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले धोंगडे आणि धोंगडेवहिनी, साताऱ्याचं एक नवं जोडपं, खटावकर, आणि मी. माझ्या शेजारी खिडकीपाशी माझी नात चैत्राली. वय दहा. चालक होता मुटुआ, उंच, सडपातळ आणि शांत. त्याला मराठी येत नव्हतं आणि धोंगड्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण धोंगडे त्याच्याशी मराठीतच बोलत आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

सहल काढणाऱ्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. स्वस्तातली कंपनी होती आणि आम्हीही स्वस्तातले प्रवासी होतो. माहितीपत्रकात जीप होती, आली व्हॅन. तिचं छत वर उचलून उभ्यानं प्राणी बघायचे, असं ठरलं होतं. ते एका बाजूनंच उचललं जाई आणि दुसऱ्या बाजूला सुतळीनं बांधलेलं होतं. आणि आता ती चालूही होत नव्हती.

“पुश,” मुटुआ खिडकीतून म्हणाला.

“ढकला म्हणतोय,” धोंगडे म्हणाले आणि बाह्या सारून खाली उतरले. त्यांच्यामागे खटावकर, साताऱ्याचा नवरा आणि, कोणी सांगितलं नसताना, चैत्रालीही. माझा गुडघा दुखरा, म्हणून मी बसून राहिले.

आता आपली माणसं घरातून बाहेर पडली की गाडी हलताना काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. देश कुठला का असेना. धोंगड्यांनी व्हॅनच्या मागच्या दाराला दोन्ही हात लावले, मान वर केली आणि आवाज दिला, “गणपती बाप्पा...”

“मोरया,” म्हणून सगळ्यांनी जोर लावला. व्हॅन हलली. केळीवाला दचकला. पुन्हा “गणपती बाप्पा”, पुन्हा “मोरया”, आणि त्या दुसऱ्या मोरयाला मुटुआनं क्लच सोडला. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं.

पण मुटुआ थांबला नाही. थांबलं तर पुन्हा बंद पडेल, असं त्यानं हातानंच सांगितलं. मग सगळे धावले. सरकतं दार उघडंच होतं. धोंगडे आधी चढले, त्यांनी वाकून हात पुढे केला आणि चैत्रालीला मनगटाला धरून आत ओढलं.

“शाब्बास,” ते म्हणाले. “पाटबंधारे खात्यात चिकटवू तुला.”

ती माझ्या शेजारी येऊन बसली. चांगलीच धापा टाकत होती. मी हळूच विचारलं, “तू मोरया म्हणाली नाहीस.”

“नाही म्हणाले.”

“का गं?”

“ते निघताना म्हणतात. मी अजून निघाले नाहीये.”

ती असं का म्हणाली, ते तुम्हाला सांगायला हवं.

माझा मुलगा शिरीष पाण्याच्या योजनांवर पंप बसवण्याच्या कामात होता. आज या देशात, सहा महिन्यांनी त्या देशात. जिथे काम तिथे तंबू आणि जिथे तंबू तिथे शाळा नाही. म्हणून चैत्राली चार वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ मिरजेत होती. आता शिरीषला नैरोबीच्या कचेरीत कायमची जागा मिळाली होती. घर घेतलं होतं, शाळेत प्रवेश ठरला होता, सूनबाईंनी तिच्या खोलीला पडदेसुद्धा शिवले होते. फक्त चैत्राली ‘हो’ म्हणाली नव्हती. ‘नाही’ही म्हणाली नव्हती.

“तिच्यावर सोडू, आई,” शिरीष फोनवर म्हणाला होता. “जबरदस्ती नको. तुम्ही दोघी सहल करा. शेवटच्या दिवशी आम्ही हॉटेलवर येतो. राहिली तर राहिली, नाही तर तुझ्याबरोबर परत जाईल.”

सहलीचं तिकीट जाऊन-येऊन होतं. त्यामुळे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. खटावकरांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना त्यांचे व्याप पुष्कळ होते.

त्यांचा पहिला व्याप म्हणजे मी. मी शाळेत भूगोल शिकवायची. मसाई माराची नदी, ती ओलांडणारे वाइल्डबीस्ट नावाच्या गायीएवढ्या हरणांचे लाखोंचे कळप, पाण्यातल्या मगरी, हे सगळं मी भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहून सांगत आले होते. माहितीपत्रकावर तोच फोटो होता, “महास्थलांतर प्रत्यक्ष पाहा”. पैसे भरतानाच मी खटावकरांना विचारलं होतं, “आपण मे महिन्यात चाललोय. कळप तर जुलैनंतर येतात.”

“बाई, जनावरं काय पंचांग बघून निघतात का?”

“साधारण तसंच आहे.”

“पण सुट्टी मे महिन्यात असते ना,” खटावकर म्हणाले. हे खरं होतं. आपल्या सगळ्या सहली शाळेच्या सुट्टीप्रमाणे निघतात. वाइल्डबीस्टना हे कोणी कळवलेलं नव्हतं.

तर आम्ही मसाई मारात पोचलो. तंबूला जोडलेलं न्हाणीघर होतं, हे कबूल केलं पाहिजे. फक्त ते शेजारच्या तंबूला जोडलेलं होतं. स्वयंपाकाला महाराज येणार होते, त्यांचा व्हिसा आला नाही. मग खटावकरांनी स्वतः कमरेला टॉवेल गुंडाळला, बॅगेतून प्रेशर कुकर काढला आणि मुगाची खिचडी लावली. पहिली शिट्टी झाली तशी समोरच्या झाडावरची सगळी माकडं निघून गेली. ती आम्ही असेपर्यंत परत आली नाहीत. पण खिचडी अशी झाली होती की धोंगडे, जे नैरोबीपासून तक्रारीचा मजकूर तोंडपाठ करत होते, त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

“तक्रार करणारच आहे,” ते म्हणाले. “पण यात खिचडीचा उल्लेख चांगला करीन.”

“तूप वाढू का?” खटावकरांनी विचारलं.

“वाढा. उल्लेख अजून चांगला करीन.”

सफारी सुरू झाल्यावर एक अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. प्राण्याजवळ गेलं की इंजिन बंद करायचं, असा तिथला शिरस्ता. आणि गाडीतून खाली उतरायला सक्त मनाई. मग आमची व्हॅन ढकलणार कोण? सिंह काही मोरया म्हणत ढकलायला येणार नाही. मुटुआनं यावर उपाय शोधला. तो व्हॅन नेहमी उतारावरच उभी करायचा. बघून झालं की ब्रेक सोडायचा, व्हॅन घरंगळायची, आतून आम्ही गजर करायचो आणि मोरयाला तो क्लच सोडायचा. त्याला आता त्या शब्दाची इतकी सवय झाली होती की एकदा सगळे जेवून सुस्तावलेले असताना व्हॅन घरंगळत चालली, कोणीच काही म्हणेना, तर तो मागे वळून पाहू लागला.

“पुढे बघ बाबा,” धोंगडेवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच गजर केला.

यामुळे झालं असं, की आम्ही आफ्रिकेतले फक्त उतारावरचे प्राणी पाहिले. सपाटीवर सिंहांचं अख्खं कुटुंब पहुडलं होतं. इतर गाड्या तिथे गोलाकार उभ्या होत्या. आम्ही त्यांच्या बाजूनं सावकाश निघून गेलो.

“तो सिंह होता ना?” साताऱ्याच्या नवरीनं विचारलं.

“होता,” खटावकर म्हणाले. “आपण पुढचा बघू.”

पुढचा उतारावर होता. पाठमोरा होता, पण होता. चैत्रालीनं त्या अर्ध्या उचललेल्या छतातून डोकं बाहेर काढून त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. रात्रीचा तंबू, थंडी, बंद पडणारी गाडी, कशाबद्दलही तिनं कुरकुर केली नाही. मी तिला काही विचारत नव्हते. विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. मुलांना प्रश्न विचारून झाल्यावर वाट बघता आली पाहिजे, हे मी नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत असे. सांगणं सोपं होतं.

मसाई मारातल्या शेवटच्या दिवशी खटावकरांनी आम्हाला नदीवर नेलं. उंच काठावर चांगला उतार पाहून मुटुआनं व्हॅन उभी केली. खाली चहाच्या रंगाचं पाणी वाहत होतं. दोन्ही काठ रिकामे होते.

“हीच ती जागा,” खटावकर म्हणाले. “इथूनच ओलांडतात.”

“कोण?” धोंगड्यांनी विचारलं.

“कळप.”

“कुठं आहेत?”

“येतात जुलैत.”

धोंगड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. मग धोंगडे म्हणाले, “बाई, तुम्ही शिकवायचात ना हे? मग सांगा तरी. आलोच आहोत इतक्या लांब.”

मी सांगायला सुरुवात करणार, एवढ्यात चैत्रालीनं माझा दंड दाबला. डाव्या हाताच्या झुडपांतून झेब्रे येत होते. मोठा कळप नव्हे. एखादं कुटुंब असावं. ते काठावर आले, पाणी हुंगलं, उगाच इकडे तिकडे केलं आणि मग पहिला उतरला. त्याच्यामागे बाकीचे. पाणी पोटापर्यंत आलं. माना उंच करून ते पलीकडे गेले, चढले आणि त्यांनी अंग झाडलं.

एक मागे राहिला होता. लहान होता, त्याच्या पट्ट्यांना अजून तपकिरी झाक होती. तो पाण्यात पाय टाकायचा आणि काढून घ्यायचा. वर जायचा. झुडपापाशी उभा राहायचा. पुन्हा खाली यायचा. पलीकडून त्याचे लोक ओरडत होते. झेब्रा ओरडतो तो आवाज तुम्हाला सांगून कळणार नाही. कुत्र्यासारखा भुंकतो आणि शेवटी हुंदका दिल्यासारखं करतो.

“अरे जा की,” धोंगडे कुजबुजले.

“पाण्यात काहीतरी हललं,” साताऱ्याचा नवरा म्हणाला.

“ओंडका आहे.”

“ओंडका प्रवाहाच्या उलट कसा जाईल?”

धोंगड्यांना राहवेना. त्यांनी छाती भरून घेतली. त्या छातीतून काय बाहेर येणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. धोंगडेवहिनींनी झटकन डबा उघडला आणि त्यांच्या तोंडात अख्खा बेसनलाडू घातला. लाडू संपेपर्यंत माणूस गप्प राहतो. आणि वहिनींकडचे लाडू मोठे होते.

“काका, त्याला घाई नका करू,” चैत्राली म्हणाली. तिची नजर खालीच होती. “त्याला ते लोक दिसतायत. त्याला माहितीये ते कुठं आहेत.”

“मग जात का नाही?” लाडवातून धोंगडे म्हणाले.

“अलीकडचं पण दिसतंय ना त्याला.”

मी माझा चष्मा काढून पुसला. त्याला धूळ लागली होती.

आम्ही बसून राहिलो. जेवणाची वेळ टळली. खटावकरांनी घड्याळ पाहायचंही सोडून दिलं. सहलभर एकमेकांच्या खिडकीवरून कुरबुर करणारी ती माणसं एका झेब्र्यासाठी श्वास रोखून बसली होती. शेवटी मुटुआच म्हणाला, की उद्यानाचं फाटक बंद व्हायच्या आत निघायला हवं. त्यानं ब्रेक सोडला. व्हॅन घरंगळू लागली. वहिनी अगदी हळू म्हणाल्या, “गणपती बाप्पा.” आम्ही तितक्याच हळू “मोरया” म्हणालो. इंजिन मात्र नेहमीच्याच आवाजात चालू झालं.

चैत्राली मागच्या काचेला नाक लावून उभी होती. वळण येईपर्यंत ती हलली नाही.

“गेला का?” मी विचारलं.

“दिसलं नाही,” ती म्हणाली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नैरोबीला परतलो आणि त्याच्या पुढच्या सकाळी निघायचं होतं. त्या सकाळी शिरीष आणि सूनबाई हॉटेलवर आले. सूनबाईंनी चैत्रालीला जवळ घेतलं, तिच्या केसांतली धूळ हलक्या हातानं झटकली. शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मलाच ठाऊक नव्हतं, तर काय सांगणार?

“चैत्राली, तुझं काय ठरलं?” त्यानं शेवटी विचारलं.

“आधी आज्जीला व्हॅनमध्ये बसवते,” ती म्हणाली. “तिला ती पायरी चढता येत नाही.”

तिनं मला नेहमीसारखं कोपराला धरून चढवलं. माझी पर्स मांडीवर ठेवली. पाण्याची बाटली हाताशी दिली. खिडकीची सरकती काच नीट लावली, कारण ती मध्येच उघडायची आणि माझ्या कानाला वारा लागायचा. हे सगळं ती रोजच करत असे. बाकीचे चढले. मुटुआनं किल्ली फिरवली. किल्ली फिरली, एवढंच झालं.

“पुश,” मुटुआ म्हणाला.

हॉटेलसमोर उतार नव्हता. लांबच लांब सपाट गल्ली आणि तिच्या टोकाला मोठा रस्ता. सगळे खाली उतरले. शिरीषही कोट काढून हात लावायला आला. चैत्राली मधोमध उभी राहिली.

धोंगड्यांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि त्यांच्या घशातून हवा बाहेर आली. सहलभर धुळीत ओरडून त्यांचा आवाज पार बसला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच आली. व्हॅन हळूहळू सरकत होती, पण जोर एकत्र लागत नव्हता. एक ढकलायचा तेव्हा दुसरा श्वास घ्यायचा. मुटुआ क्लच दाबून बसला होता आणि आरशातून मागे पाहत होता. त्याला तो शब्द हवा होता. खटावकरांनी एकदा म्हणून पाहिलं, पण त्यांना धाप लागली होती, अर्धंच आलं. मोठा रस्ता जवळ येऊ लागला.

तेव्हा मागून आवाज आला. बारीक, पण खणखणीत. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा.

“गणपती बाप्पा...”

“मोरया,” सगळे म्हणाले. मुटुआसुद्धा म्हणाला. क्लच सुटला, इंजिन खोकलं आणि चालू झालं.

मग नेहमीची पळापळ. साताऱ्याचं जोडपं चढलं, खटावकर चढले, वहिनींना आधीच आत घेतलं होतं. धोंगडे चढले आणि सवयीनं वाकून त्यांनी दारातून हात बाहेर काढला. तो हात तसाच राहिला.

“चैतू,” ते बसक्या आवाजात म्हणाले. “अगं, हात दे.”

मी माझ्या पायाशी पाहिलं. रोज तिथे तिची निळी बॅग असायची आणि माझे पाय अवघडायचे. आज पाय सरळ पसरले होते. ते इतका वेळ माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी कष्टानं मागे वळले. हॉटेलच्या पायरीवर सूनबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी ती निळी बॅग होती. सकाळीच कधीतरी तिथे नेऊन ठेवली असणार.

“बाई, नात राहिली खाली,” खटावकर घाबरून म्हणाले. “मुटुआ, स्टॉप, स्टॉप.”

मुटुआनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. थांबवलं तर पुन्हा चालू होणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“थांबवू नका,” मी म्हणाले.

गल्लीच्या मधोमध चैत्राली उभी होती. शिरीष तिच्या मागे दोन पावलांवर, शर्टाला ग्रीस लागलेलं. तिनं हात हलवला नाही, की ती रडली नाही. व्हॅन मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आली आणि खड्ड्यात एकदा अडखळली, तशी तिनं दोन्ही तळवे पुढे धरले, एक पाय मागे रोवला आणि तिथूनच, लांबूनच, जोर लावून आम्हाला ढकललं.